बी धरेपर्यंत

सालवड, बोईसर
६ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

भाग्येशचा नमस्कार. आपल्या मेहुलच्या लग्नापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मोबाइलवर फोटो पाठवले तर उघडूनही बघत नाहीस, आणि पालघरला तुझ्या दाराशी आलो तर आतून कडी लावणार आहेस, असं आईकडून कळलं. म्हणून हे पत्र. बोईसरहून पालघरला पत्र टाकणारा यंदा मी एकटाच असेन. पोस्टातल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

कामाचं सांगतो. आमच्या कंपनीकडे नवापूरमागच्या पाणथळीचा अहवाल आला आहे. तिथे भराव घालून गोदामं बांधायची आहेत. त्याआधी तिथे काय उगवतं, काय राहतं, ते लिहून द्यावं लागतं. पक्षी झाले, मासे झाले. वनस्पतींचं पान तेवढं कोरं आहे, कारण तिथे सगळीकडे एकच गवत आहे आणि ते मला कशाशीच जुळवता येत नाही. इंटरनेटवर पाहिलं तर सगळी चित्रं सारखीच दिसतात. सोबत नमुने पाठवले आहेत. आमचे कमलेशसर म्हणाले, हे ओळखणारं माणूस जिल्ह्यात एकच आहे आणि ते तुझ्या घरातलं आहे. मला अभिमान वाटला.

नावं जरा लवकर कळव.

तुझा,
भाग्येश


पालघर
११ ऑगस्ट

चि. भाग्येश,

आशीर्वाद. त्याआधीचे 'अनेक उत्तम' हे शब्द मुद्दाम गाळले आहेत, विसरले असं समजू नकोस.

तुझं पाकीट मिळालं. उघडल्यावर वाटलं, कुणीतरी जुन्या केरसुणीचे हीर पाठवले. शेंडे मोडलेले, मुळांचा पत्ता नाही, आणि दोन काड्या पाण्याच्या बाटलीच्या लेबलाला चिकटलेल्या. याला तू नमुने म्हणतोस. चार वर्षं कॉलेजात काय करत होतास, हे दादाने, तुझ्या बापाने, एकदा तुला विचारायला हवं होतं.

मेहुलच्या मांडवात, व्याह्यांसमोर, हातात जिलबीची ताटली घेऊन तू म्हणालास की आमची आत्या आयुष्यभर गवत मोजत आली. लोक हसले. मी घरी येऊन तुझं नाव टाकलं. अपमान झाला म्हणून नव्हे. अपमान कॉलेजातल्या पोरांनी नोकरीभर केला, त्याची मला सवय आहे. नाव टाकलं ते मी मोजते तो लव्हाळा, आणि लव्हाळा हे गवत नाही म्हणून. गवताच्या काडीला पेरं असतात आणि ती बहुतेक आतून पोकळ असते. लव्हाळ्याचा दांडा सरळसोट, भरीव, आणि चिमटीत धरून फिरवलास तर तीन धारा बोटाला लागतात. आंधळ्यालाही कळतं. तू डोळस असून पुन्हा पत्रात गवतच लिहिलंस.

आता शीक, फुकट आहे. लव्हाळ्याची जात पानावरून ठरत नाही आणि फुलावरून तर मुळीच नाही. खाली कंद आहे की नुसत्या तंतुमुळ्या आहेत ते बघावं लागतं, आणि वर पिकलेलं बी लागतं. बी तिधारी असेल तर एक घराणं, मसुरासारखं चपटं असेल तर दुसरं. दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि बी धरेपर्यंत त्यांना त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही. ऑगस्टात लव्हाळ्याला नाव विचारणं म्हणजे पाळण्यातल्या पोराला हुद्दा विचारणं. पण तुमच्या कंपनीचं सगळंच पी हळद आणि हो गोरी.

तुझ्या कमलेशसरांना एवढीच घाई असेल तर सांग त्यांना, हा सगळा नागरमोथा आणि त्याचे भाऊबंद. आपल्या किनाऱ्यावर पैशाला पासरी मिळतो. यात घालवायला मला वेळ नाही.

आत्या


सालवड
२० ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आईने एकदा वाचलं आणि जिलबीपाशी आल्यावर हसली, तेव्हा तिच्यावरही राग धर.

रविवारी मुद्दाम खुरपं घेऊन नवापूरला गेलो. पाणथळीत मांडीपर्यंत रुतलो. बांधावरून मैनाबाई म्हणून एक बाई मासळीची पाटी घेऊन चालल्या होत्या. त्यांचं घर पाणथळीला लागूनच आहे. त्या थांबल्या, पाटी खाली ठेवली आणि मी कसा बाहेर येतो ते निवांत बघत राहिल्या. मी म्हणालो, लव्हाळा उपटतोय.

"उपट," त्या म्हणाल्या. "तुमी लोक उपटणारच. पावसाचं पानी मंग जायाचं कुठं? आमचे घरान?"

उधाण आणि पाऊस एकाच दिवशी आले की सगळं पाणी या पाणथळीत पसरतं, म्हणून त्यांची चूल कोरडी राहते. हे त्यांनीच सांगितलं आणि ते दिसतही होतं. भराव पडला की ते घर आधी बुडणार.

आता एक घोळ झाला आहे, चिडू नकोस. मी चांगले मुळासकट गड्डे आणले आणि अंघोळीला गेलो. तेवढ्यात आईने ते निवडून ठेवले. घरात चिखल नको म्हणून कोथिंबिरीसारखी मुळं कापली, पिवळी पानं काढली, स्वच्छ धुतलं आणि दोऱ्याने जुड्या बांधल्या. कंद मात्र टाकले नाहीत. तू नागरमोथा म्हणालीस ना, मग दिवाळीच्या उटण्याला होतील म्हणून गच्चीत वाळत घातलेत. जुड्या सोबत पाठवतो.

भाग्येश


पालघर
२६ ऑगस्ट

चि. भाग्येश,

आशीर्वाद, मागच्याइतकेच.

जुड्या मिळाल्या. वहिनीचं निवडणं मला ओळखीचं आहे. एका सुट्टीत मी माझे दाबून ठेवलेले नमुने तुमच्याकडे ठेवले होते. तिने ते वर्तमानपत्रांसकट बंबात घातले आणि मला म्हणाली, वन्सं, तुमचा कचरा आवरला. धुतलेला, निवडलेला, जुडी बांधलेला लव्हाळा मी काय करू? बाजारात नेऊन पालकाशेजारी ठेवते.

तरी एका जुडीतले दोन दांडे मला खटकले. नागरमोथ्याचा तुरा छत्रीसारखा पसरतो. यांचा गच्च गोळा आहे. खाऱ्या पाण्यात कधीकधी असं खुरटतं, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही. पाणी उतरलं की ऑक्टोबरात बी धरेल. तेव्हा उभा दांडा, बी, कंद, चिखल, सगळं पाठव. तोवर थांब. अहवालाचं पान कोरं राहू दे, कोऱ्या पानाने आजवर कुणी मेलेलं नाही.

मैनाबाईंचं म्हणणं मात्र जसंच्या तसं लिही. तुझ्या सगळ्या कामात मुळासकट आलेलं तेवढंच आहे.

आत्या


सालवड
१४ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

गौरी-गणपतीत पत्र राहून गेलं. अहवालाचं काम आता माझ्या हातात नाही, वर गेलं आहे. पण तू म्हणालीस तसा बी धरेपर्यंत थांबतो. रविवारी नवापूरला चक्कर मारतो. काम नसतं, तरी जातो. दांडे आता कमरेपर्यंत आलेत.

तब्येतीला जप.

भाग्येश


पालघर
१८ सप्टेंबर

चि. भाग्येश,

कार्डावर मावेल तेवढंच विचारते. 'वर गेलं' म्हणजे काय? वनस्पतींच्या पानावर काय लिहून वर गेलं? गोलगोल उत्तर दिलंस तर कार्डाचा खर्च वाया गेला असं समजेन.

आत्या


सालवड
२६ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

सोबत खोकं पाठवतो. यात बी धरलेले तुरे आहेत, उभे दांडे आहेत, कंद आहेत आणि चिखलही आहे. काहीही धुतलेलं नाही. आई बाजारात गेली होती तेव्हाच भरलं.

आई तुझ्यावर चिडली आहे. परवा उटण्यासाठी ते वाळवलेले कंद कुटायला घेतले. कुटून हात दुखले आणि नागरमोथ्याचा सुवास म्हणून नाही. ती म्हणते, एवढी शिकलेली नणंद, नागरमोथा सांगून काय गळ्यात मारलं कोण जाणे. सगळ्या उटण्याला खाडीचा वास लागला आणि ते तसंच टाकून द्यावं लागलं. मी म्हटलं, तूच धुऊन धुऊन वास घालवलास.

दिवाळीच्या शुभेच्छा.

भाग्येश


पालघर
४ नोव्हेंबर

भाग्येश,

वास नाही हे मला ऑक्टोबर संपताना कळतं? कंद गच्चीत ऑगस्टपासून पडलेत. तुमच्या घरात कुणाला नाक आहे की नाही? वहिनीला तरी होतं म्हणायचं, आणि ते तिने शेवटी उटण्यासाठी वापरलं.

खोकं फराळाच्या डब्याआधी उघडलं. बी भिंगाखाली धरलं. नागरमोथ्याचं बी तिधारी असतं. हे चपटं आहे, तपकिरी, घासलेल्या पितळेसारखं चकचकीत. कंद टणक आणि बिनवासाचा. हा नागरमोथा नाही. त्याचा भाऊबंदही नाही, फार तर लांबचा सोयरा. याचं लॅटिन नाव लिहीत नाही, तुझ्या जिभेला झेपणार नाही.

माझ्याकडे याचा दाबलेला नमुना चिकटवलेलं एकच पान आहे. नोकरीला लागले त्या वर्षी सातपाटीकडच्या एका खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, सापडलं होतं, हाच गच्च तुरा आणि हाच बिनवासाचा कंद, पण बी न धरलेलं. म्हणून नाव न लावता तसंच ठेवलं आणि ठरवलं की पुढच्या वर्षी बी घेऊन येऊ. पुढच्या वर्षी गेले तर तिथे कोळंबीची तळी खणलेली. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर मी डहाणूपासून केळव्यापर्यंत सगळी खाजणं पालथी घातली. लोक म्हणाले बाईला वेड लागलंय. गुडघे गेले तेव्हा थांबले. आणि ते नवापूरमागे, तुझ्या रविवारच्या चकरेवर, कमरेएवढं उभं होतं.

मी रडले. हे वहिनीला सांगू नकोस.

मला ती जागा बघायची आहे. कधी नेतोस ते कळव. आणि माझ्या कार्डाचं उत्तर अजून आलेलं नाही.

आत्या


सालवड
८ नोव्हेंबर

ती. आत्यास,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

अहवाल २२ ऑगस्टला गेला. तुझं 'थांब' यायच्या आधी. कमलेशसर म्हणाले, कोरं पान चालणार नाही, तेव्हा मी तुझं पहिलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. अहवालात छापलंय ते असं: 'ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञ प्रा. ज्ञानेश्वरी संखे यांच्या मते येथील सर्व वनस्पती नागरमोथा व तत्सम असून त्या किनारपट्टीवर विपुल आढळतात.' तुझ्या पैशाला पासरीचं त्यांनी विपुल केलं. मैनाबाईंचं म्हणणं सरांनी गाळलं. मग तुझं दुसरं पत्र आलं, ते मी त्यांना दाखवलंच नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटली. कार्डाला उत्तर दिलं नाही तेही त्यामुळेच.

१० डिसेंबरला नवापूरला जनसुनावणी आहे. त्यात मंजुरी मिळाली की भराव. खरं तर मंजुरीआधीच एका कोपऱ्यात मातीचे डंपर यायला लागलेत. मैनाबाईंनी मला बांधावर बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझ्या मनात एक आलं आहे. तू सांग की ते घरगुती पत्र होतं, आत्याने भाच्याला रागाने लिहिलेलं, ते काही तुझं मत नव्हतं. तुझं नाव तरी वाचेल. मी गप्प बसेन.

भाग्येश


पालघर
१३ नोव्हेंबर

भाग्येश,

तुझी युक्ती तुझ्याजवळ ठेव. घरगुती पत्रात लव्हाळ्याची जात बदलत नाही.

तुझ्यावर चिडायला बसले आणि आपलेच दात, आपलेच ओठ अशी गत झाली. तू भित्रा आहेस हे मला ठाऊक होतं. माझं मला ठाऊक नव्हतं. बी पाहिल्याशिवाय नाव देऊ नये, हे मी वरच्या परिच्छेदात तुला ऐटीत शिकवलं आणि खालच्या परिच्छेदात स्वतःच नाव दिलं. तेही त्या केरसुणीच्या हिरांवरून. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मला तुला टाकून बोलायचं होतं, आणि हाताशी लव्हाळा होता. एवढंच त्याचं कारण आहे. त्यात शास्त्र नव्हतं. आता माझ्या त्या तोऱ्यावर डंपर उभे आहेत आणि एका बाईचं घर बुडायचं आहे. मला लाज वाटते.

सुनावणीला मी येणार. वाक्य माझंच आहे असं सांगणार आणि ते चुकीचं आहे असंही सांगणार. तू येऊ नकोस. कोऱ्या पानाला घाबरणाऱ्याचं तिथे काही काम नाही, नोकरी सांभाळ. फक्त एक कर. चार-पाच गड्डे चिखलासकट उपटून मैनाबाईंकडे ठेव. त्यांच्यापुढे जायची लाज वाटत असेल तर मान खाली घालून जा, पण जा. आणि वहिनीला त्यांच्या आसपास फिरकू देऊ नकोस.

आत्या


सालवड
१२ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तू परवा सुनावणीतून तडक उठून गेलीस. मी मागच्या खांबाजवळ उभा होतो. तू मला बघितलंस की नाही माहीत नाही. त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं.

तू बोललीस तेव्हा सुनावणी घेणाऱ्या साहेबांसकट सगळे ऐकत होते. पण कमलेशसर उठले आणि हसत म्हणाले की बाईंचं ऑगस्टमधलं मत एक आणि डिसेंबरमधलं दुसरं, तर साहेबांनी धरायचं कुठलं? उद्या जानेवारीत तिसरं आलं तर? लोक हसले. तू पिशवी उचललीस आणि निघालीस. मला मेहुलचा मांडव आठवला. तेव्हाही तू अशीच निघाली होतीस आणि तेव्हा हसवणारा मी होतो.

मी पुढे गेलो. साहेबांना म्हणालो, "ऑगस्टचं मत मी मागितलं. माझ्याकडे बी नव्हतं आणि मुळं माझ्या आईने कापली होती. आत्याने थांब म्हणून लिहिलं, ते पत्र मी दाबलं."

आईच्या नावावर पुन्हा हशा झाला. कमलेशसर तेवढे हसले नाहीत. मग मैनाबाई उठल्या. मी त्यांच्याकडे ठेवलेल्यांतला एक गड्डा त्यांनी आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. खाली चिखलाचं पाणी ओघळलं आणि एक कारकून फायली उचलायला धावला.

"ह्यां आमचे मागं उगवतं," त्या म्हणाल्या. "पानी ह्यांच पितं. नाव काय ता बाईंना ठाव, आमाला नावाचं कौतिक नाय. आमाला ह्यां हवं हाय."

साहेबांनी गड्ड्याकडे बघितलं. मग मला विचारलं की याला पुन्हा बी कधी धरेल. मी ऑक्टोबर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं: अहवालातलं वनस्पतींचं पान रद्द, येत्या ऑक्टोबरात बी धरल्यावर दुसऱ्या तज्ज्ञांकडून नव्याने पाहणी, आणि तोवर तिथे मातीचं एक घमेलंही पडणार नाही. काल डंपर परत गेले. कोपऱ्यातला पट्टा मात्र गेला, तो भरावाखाली आहे. बाकी सगळं उभं आहे.

कमलेशसरांनी सोमवारपासून येऊ नका म्हणून कळवलं. आई म्हणते, नणंदेच्या नादाने पोराने घर बुडवलं. असं म्हणत म्हणत तिने सुनावणीच्या गड्ड्यांतले उरलेले ओले कंद गच्चीतल्या कुंडीत लावलेत.

मांडवात जे बोललो त्याबद्दल मला माफ कर. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

भाग्येश


पालघर
१७ डिसेंबर

चि. भाग्येश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी तडक उठून गेले नव्हते. बाहेर रिक्षा मिळेना म्हणून खिडकीखालच्या कट्ट्यावर बसले होते. तुझं सगळं बोलणं ऐकू आलं. आवाज चिरका लागला होता आणि 'मुळं माझ्या आईने कापली' हे भर सभेत सांगायची काही गरज नव्हती. पण महिना बरोबर सांगितलास. तुझ्या तोंडून लव्हाळ्याबद्दल निघालेलं पहिलं बरोबर वाक्य.

दुसरे तज्ज्ञ येऊ देत. उंटावरचे शहाणे असतील, पण बी हातात आलं की त्यांनाही तेच दिसेल, आणि नाही दिसलं तर मी त्यांच्याशी भांडेन. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. गेलेल्या पट्ट्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो माझ्या वाक्याखाली गेला. दर ऑक्टोबरात मला तो दिसेल.

वहिनीची कुंडी बहुधा मरेल. या लव्हाळ्याला खारा चिखल लागतो. तिला हे सांगितलंस तर ती कुंडीत मीठ टाकेल, तेव्हा सांगू नकोस. खाडीचं पाणी आणून गुपचूप घालत जा.

नोकरी गेली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. ती नोकरी तुझ्या लायकीची होती, हीच मला आजवर काळजी होती. माझ्याकडे कपाटभर वाळलेली पानं पडली आहेत. त्यांतल्या निम्म्यांना नाव नाही, कारण बी मिळालं नव्हतं. माझ्यानंतर वहिनी ती बंबात घालेल. ती घेऊन खाजणाखाजणांतून फिरायला पाय असलेला कुणीतरी लागेल. घरात जागा आहे, दोन वेळचं जेवण मी करते, आणि बोलणी खावी लागतील ती वेगळी.

दाराची कडी काढून ठेवली आहे. येताना नवापूरहून एक गड्डा आण, धुऊ नकोस. पाय धुतलेस तर चालेल. लवकर ये, मला गवत मोजायला माणूस हवं आहे.

आत्या